तीन चिमट्या

"चमचा दाखव," मी म्हणालो.

वैजयंतानं बाहीच्या खिशातून चमचा काढला आणि माझ्यापुढे धरला. कोरडा ठणठणीत. सकाळी नऊपासून ती ओट्यापुढे उभी होती. डाळ झाली होती, भात झाला होता, फरसबीची भाजी झाली होती, आणि चमचा घरून आणला तसाच लखलखीत होता.

"यातलं काय काय चाखलंस?"

"सगळं, सर."

"या चमच्यानं?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे आधी कान लाल होतात, तसे तिचे झाले. मागच्या ओट्यावरची पोरं फिदीफिदी हसली. मी तिच्या डाळीत माझा चमचा बुडवला. तिला कात्रीत पकडायचं म्हणूनच बुडवला, लपवण्यात काय अर्थ आहे. डाळीत मीठ बरोबर होतं. भाजीत बरोबर होतं. भातात निम्म्या मुलांचं हमखास चुकायचं, तिथंही बरोबर होतं. पदार्थ चाखत चाखत करायचा हा नियम मोडला म्हणून तिचा एक गुण कापला आणि मी पुढच्या ओट्याकडे वळलो.

याला आता अकरा-बारा वर्षं झाली. कोल्हापुरात रिंग रोडला एका तीन मजली इमारतीत आमची पाककला शिकवणारी संस्था होती. खाली मोटारसायकलींचं शोरूम, वर आम्ही. दर्शनी भागावर हा भला मोठा फलक, त्यावर उंच पांढरी टोपी घातलेला एक हसरा मुलगा आणि खाली 'शंभर टक्के नोकरी'. तो मुलगा आमचा नव्हता. फलक रंगवणाऱ्यानं तो कुठून तरी आणला होता. आमची मुलं तसं हसायची फक्त प्रवेशाच्या दिवशी.

मी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये सव्वीस वर्षं काढली होती. गुडघे गेले तेव्हा बायकोच्या माहेरी कोल्हापूरला आलो आणि शिकवायला लागलो. दरवर्षी पहिल्या तासाला मी पँट गुडघ्यापर्यंत वर करायचो आणि पोटऱ्यांवरच्या गाठाळलेल्या शिरा मुलांना दाखवायचो. म्हणायचो, या व्यवसायात पुढं जाल तेव्हा काय मिळेल ते बघून घ्या. बारा-बारा तास उभं राहायचं, पहिलं वर्ष कांदे सोलायचे, लोकांचे सण असतील तेव्हा आपल्याला दुप्पट काम. चाळीसजण बसला आहात, पाच वर्षांनी किचनमध्ये सहा उरतील. मुलं हसायची. दुरून डोंगर साजरे असतात, आणि अठराव्या वर्षी सगळंच दूर असतं. चेअरमनसाहेबांनी दोनदा मला बोलावून सांगितलं की मिराशी, हे पाय दाखवणं बंद करा, पालक घाबरतात. मी बंद केलं नाही, पण नंतर नंतर तेही कंटाळत कंटाळत करायचो.

वैजयंता गुरव राधानगरीच्या पुढच्या एका खेड्यातून आली होती. बुटकी, सावळी, हनुवटीवर गोंदण. प्रवेश घ्यायला तिची आई सोबत होती. गावातल्या देवीच्या देवळात गुरवांची चार घरं, आळीपाळीनं नैवेद्य करायची. नवरा गेल्यापासून या घरची पाळी ही बाई एकटीनं ओढत होती. तिनं माझं किचन नीट फिरून बघितलं, भट्टीच्या लोखंडावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"सायेब, देवीच्या चुलीवर हिचा हात बसलाय. आता माणसांच्या चुलीवर बसवा. तिथं म्हैन्याला सुट्टी तरी गावंल."

इतकी साधी अपेक्षा घेऊन आमच्याकडे कुणी आलेलं मी बघितलं नव्हतं. फलकावरच्या टोपीवाल्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

चमच्याचा उलगडा व्हायला दोन महिने लागले. एकदा प्रात्यक्षिक संपल्यावर मी वैजयंताला थांबवून घेतलं आणि स्पष्टच विचारलं. तिनं सांगितलं, आठव्या वर्षापासून ती आईच्या हाताखाली नैवेद्य करते. देवीला दाखवायच्या आधी पदार्थ चाखायचा नाही, चाखला तर तो उष्टा. मग मीठ कळायचं कसं? तर वासावरून, उकळीच्या आवाजावरून, पळीवरून थेंब कसा ओघळतो त्यावरून, आणि मुख्य म्हणजे हातावरून. तीन बोटांची चिमटी. एवढ्या पाण्याला एवढ्या चिमट्या. पहिल्या वर्षी चुकलं की आई ओरडायची नाही, फक्त म्हणायची की आज देवी अळणी जेवली. ते तिला माराहून जास्त लागायचं.

"इथं देवी जेवत नाही," मी म्हणालो. "इथं चाखायचं."

"चाखून बघितलं, सर. चाखलं की माझा अंदाज चुकतो."

मला ते पटलं नाही. मी माझ्या देखत तिला आमटी करायला लावली, दर पाच मिनिटांनी चाखायला लावली. बिचारीनं सांगितलं तसं केलं. चाखायची, विचारात पडायची, थोडं मीठ, पुन्हा चाखायची, थोडं पाणी. शेवटी जी आमटी झाली ती तोंडात धरवेना. मग त्याच चुलीवर तिच्या पद्धतीनं करायला लावली. तीन चिमट्या घातल्या, झाकण ठेवलं, हात पुसले. त्या आमटीला नाव ठेवायला जागा नव्हती. सव्वीस वर्षांत मी भल्याभल्यांचे हात बघितले, पण असा हात बघितला नव्हता. मला तिचा हेवा वाटला आणि त्याच घटकेला तिची काळजीही वाटायला लागली, कारण हॉटेलात असला हात कुणी ओळखत नाही. तिथं चमचाच बघतात.

दुसऱ्या वर्षी तिच्या चुलत्यानं घरी निरोप दिला, की शिक्षण संपलं की एक तर मोठ्या हॉटेलात नोकरी, नाही तर मे महिन्यात लग्न. मुलगा बघून ठेवलेला होता. वैजयंतानं हे मला कांदे चिरता चिरता सांगितलं. आमच्याकडच्या मुलींना हॉटेलवाले स्वागतकक्षासाठी घेऊन जायचे, किंवा फार तर केकच्या विभागात. वैजयंताला स्वागतकक्षात कुणी उभं केलं नसतं, रंगरूप आणि इंग्रजी दोन्ही आडवं आलं असतं. तिला किचनच हवं होतं आणि किचनलाच ती हवी होती. मी तिला सांगितलं, तू फिकीर करू नकोस, तुला मी किचनमध्ये घालणारच. असले शब्द मी कुणाला देत नसे.

त्या शेवटच्या सहामाहीत मी सगळ्या मुलांवर वैतागलेला होतो. सगळ्यांचंच मीठ कमी पडायला लागलं होतं. मी गुणपत्रिकांवर 'मीठ कमी, मीठ कमी' लिहून लिहून दमलो. मला वाटायचं, ही तुकडीच आळशी आहे, शेवटी शेवटी यांचं लक्ष उडालं आहे. वैजयंताचाही हात आखडल्यासारखा वाटायचा. तिला तसं म्हटलं तर ती "बरं, सर" म्हणायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच. घरीही तेच. माझ्या बायकोनं, नलिनीनं, माझ्या रक्तदाबाच्या भीतीनं आमटीतलं मीठ कमी केलं असणार, असं मी धरून चाललो होतो आणि वरून घेत होतो. ती काही बोलायची नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलातून शेफ केळुस्कर आले. एकच जागा होती, कॉमीची. कॉमी म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी, पण असल्या हॉटेलातली खालची पायरीसुद्धा आमच्या मुलांना गच्चीसारखी. केळुस्कर मुंबईला माझ्या हाताखाली होता. मी त्याला सुरी धरायला शिकवलं होतं. आता त्याच्या हाताखाली साठ माणसं होती आणि मी त्याला अहो-जाहो करत होतो. तो मात्र मला अजून मिराशी सरच म्हणायचा.

आदल्या दिवशी दुपारी मी वैजयंताला बोलावून घेतलं. म्हटलं, केळुस्कर सगळ्यात आधी चमचा बघतात. तू चाखू नकोस, पण निदान चाखल्यासारखं कर. चमचा बुडव, तोंडाजवळ ने, खाली ठेव. कुणाला कळणार नाही.

"तसं नको, सर," ती म्हणाली.

"का नको?"

"पदार्थासमोर नाटक कसं करायचं?"

मी चिडलो. नोकरी हवी की तत्त्व हवं, असं काहीसं बोललो. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, पदार्थ बरोबर झाला तर विचारतील कशाला. तेही खरंच होतं. माझा तिच्या हातावर भरवसा होता, निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दहा मुलं दहा ओट्यांवर उभी राहिली. मसुराचं सूप, एक भाजी, एक भात, वेळ दोन तास. शिक्षकांनी कुणाच्या भांड्याला हात लावायचा नाही, हे केळुस्करनं हसत हसत पण सगळ्यांसमोर सांगितलं. मी फक्त गॅसकडे बघायला म्हणून आत होतो. वैजयंता शांत होती. तिचं सूप सगळ्यात आधी उकळलं. तिनं मिठाच्या डब्यात हात घातला तेव्हा मी पलीकडे एका मुलाच्या शेगडीची ज्योत कमी करत होतो. त्यामुळे तिनं किती घातलं, घातलं की नाही, हे मी बघितलं नाही.

अकराच्या सुमारास चेअरमनसाहेब केळुस्करला चहाला घेऊन गेले. हॉटेलकडून आलेल्या बाई बाहेरच्या खोलीत एकेकाला बोलावून अर्ज भरून घेत होत्या. वैजयंताची पाळी आली. तिनं गॅस बारीक केला, भांड्यावर झाकण अर्धवट ठेवलं आणि माझ्याकडे बघून, "लक्ष ठेवा हं, सर," म्हणून गेली.

मी तिच्या ओट्यापाशी उभा राहिलो. सूप मंद रटरटत होतं. रंग सुरेख आला होता. आयुष्यभराची खोड, हात आपोआप खिशाकडे गेला आणि मी चमचा बुडवून तोंडात घातला.

सूप अळणी होतं.

अगदी बिनमिठाचं म्हणावं इतकं अळणी. पोरगी आज घाबरली, मीठ घालायचं विसरली. आणि ती चाखणार तर नाहीच. असंच ताटात वाढणार, केळुस्कर तोंडात घालणार आणि मे महिन्यात हिच्या हातावर मेंदी लागणार. मी आजूबाजूला पाहिलं. पोरं आपापल्या कढयांत डोकं घालून होती. मी डब्यातून एक चिमटी उचलली, घातली. ढवळलं, चाखलं. आणखी एक घातली. आता चव उघडली. मी चमचा पुसून खिशात ठेवला आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. मनात समाधान होतं. शब्द पाळला, असंच वाटत होतं.

ती परत आली. झाकण काढलं, वास घेतला, क्षणभर थांबली. पळी भरून पुन्हा भांड्यात सोडली, थेंब बघितला. माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली. तिनं कोथिंबीर पेरली आणि गॅस बंद केला.

बारा वाजता केळुस्कर एकेका ओट्यापुढे येत चालला. वैजयंताची भाजी खाल्ली, भात खाल्ला आणि मान डोलावली. मग सुपाचा चमचा तोंडात घातला. घातला आणि तसाच थांबला. पाण्याचा ग्लास मागितला, अर्धा संपवला.

"हे चाखलं होतंस?"

"नाही, सर."

"का?"

तिनं सांगितलं. देवळाचं, नैवेद्याचं, हाताचं, सगळं थोडक्यात, न लाजता सांगितलं. केळुस्करनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता.

"बाळ, भाजी आणि भात उत्तम आहे," तो म्हणाला. "पण हॉटेलात देव जेवायला येत नाहीत. माणसं येतात. हे सूप खारट झालंय, आणि तुला ते माहीतच नाही. मी कसं घेऊ तुला?"

मी पुढं झालो. बोलायलाच पुढं झालो होतो. पण आधी तिच्या भांड्यात माझा चमचा बुडवला, कारण माझा विश्वासच बसत नव्हता. दोन चिमट्यांनी सूप खारट कसं होईल? मी सूप तोंडात घातलं, घोळवलं, गिळलं.

मला ते बरोबर लागलं. जसं हवं तसं, तंतोतंत बरोबर.

मी पुन्हा चाखलं. शेजारचा रणजित नावाचा मुलगा उत्सुकतेनं पुढं झाला, त्यानंही बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. केळुस्कर माझ्याकडे बघत होता. "काय, मिराशी सर? जास्तच झालंय ना?" त्यानं विचारलं. माझ्या डोळ्यांपुढून गेले सहा महिने सरकले. मीठ कमी, मीठ कमी. सगळी तुकडी आळशी नव्हती. वैजयंताचा हात आखडला नव्हता. माझी जीभ गेली होती.

शेफची जीभ गेली हे सांगायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. गुडघे गेले तर लोक खुर्ची देतात. जीभ गेली तर सव्वीस वर्षं आणि वरची शिकवण्याची सात वर्षं एका घटकेत धुऊन निघतात. शिवाय शिक्षकानं परीक्षेत भांड्याला हात लावला, तेही केळुस्करसमोर, चेअरमनसाहेबांसमोर. ही सगळी कारणं मला नंतर सुचली. त्या वेळी मला फक्त भीती वाटली.

"हो," मी म्हणालो. "जरा जास्तच झालंय."

पुढं मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

जागा रणजितला मिळाली. आठ महिन्यांत तो गोव्याहून परत आला आणि त्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण तेव्हा त्याच्या खांद्यावर सगळी थापा मारत होती. वैजयंता आपला ओटा पुसत होती. सगळे गेल्यावर तिनं त्या सुपात करंगळी बुडवली आणि माझ्यासमोर पहिल्यांदा, आपणहून, स्वतः केलेला पदार्थ चाखला.

"मी तीनच चिमट्या घातल्या होत्या, सर."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला विचारत होती. मी तिचा गुरू होतो. मी म्हटलं असतं की तुझ्या तीन बरोबर होत्या, तर तिचं नोकरीचं नुकसान झालं असतं, पण तेवढंच झालं असतं.

"होतं असं," मी म्हणालो. "घाबरलं की हात चुकतो."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या हातावर ठेवला नाही.

संध्याकाळी घरी जेवताना मी नलिनीला विचारलं, तू आमटीत मीठ कमी घालतेस का? ती म्हणाली, नाही, पूर्वीइतकंच. मी विचारलं, मग मी वरून घेतो तेव्हा बोलत का नाहीस?

"तुम्ही शेफ," ती म्हणाली. "मी काय सांगणार?"

पुढं डॉक्टरांकडे जाऊन आलो. वय, तंबाखू, वर्षानुवर्षं गरम गरम चाखलेलं, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. तंबाखू सोडली. जीभ काही परत आली नाही. त्यानंतर आठ वर्षं मी शिकवलं, पण चाखायचं काम मुलांनाच एकमेकांकडून करून घ्यायला लावायचो आणि त्याला नव्या पद्धतीचं शिक्षण म्हणायचो. चेअरमनसाहेबांना ते फार आवडलं. त्यांनी ते माहितीपत्रकात छापलं.

वैजयंताचं मे महिन्यात लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

गेल्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, जुन्या एका विद्यार्थ्याकडून कळलं की ती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळते. नवरा त्याच कारखान्यात आहे, एक मुलगी आहे. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी एक दिवस सकाळी अकराला तिथं पोचलो. रिक्षात बसल्या बसल्या वाक्यं जुळवत होतो. सगळ्या वाक्यांत माझीच बाजू होती.

तिनं मला लांबून ओळखलं. हातातलं काम टाकून आली आणि हाताखालच्या सगळ्या बायकांसमोर वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगानं ती भरली होती, केस थोडे पांढरे दिसत होते, आणि साडीवर चढवलेल्या कोटाच्या बाहीच्या खिशात चमचा होता. चमचा वापरून वापरून काळपट पडला होता.

खुर्चीवर बसवून तिनं मला सगळं दाखवलं. चारशे माणसांचं जेवण, दोन मोठी पातेली आमटी, हाताखाली पाच बायका. प्रत्येक पदार्थ आधी ती चाखते, मग त्यांतली मालनमावशी चाखते, मगच खाली उतरतो. "तुम्ही शिकवलंत ते," ती म्हणाली. मी आईची चौकशी केली. देवीची पाळी अजून आईच करते, हात कापतात तरी करते, असं तिनं सांगितलं. मी विचारलं, तू जात नाहीस का मदतीला?

"जाते ना, सर. भांडी घासते, पाणी भरते. नैवेद्याला हात लावत नाही."

"का?"

"चाखल्याशिवाय मला आता येत नाही. आणि देवीला चाखून कसं चालेल?"

हे तिनं असं सांगितलं की जणू बसची वेळ सांगते आहे. मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही इथं बसत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या पातेल्यातली आमटी तिनं वाटीत काढली, स्वतःचा चमचा धुऊन पुसला आणि वाटीसकट माझ्या हातात दिला.

"मीठ बघा, सर. खूप वर्षांनी."

मालनमावशी आणि बाकीच्या बायका कौतुकानं बघत होत्या. मी आमटी तोंडात घातली. आणि शेफच्या तोंडून जे आयुष्यभर आपोआप निघत आलं, तेच निघालं.

"किंचित कमी वाटतंय."

"कमी?" मालनमावशी म्हणाली. "आत्ता तर बरोबर हुतं की."

वैजयंतानं माझ्या हातातली वाटी घेतली, चाखली. पुन्हा चाखली. मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी वास घेऊन, थेंब बघून जसं बघितलं होतं तसंच. या वेळी मी नजर वळवली नाही.

"तू अर्ज भरायला गेलीस तेव्हा," मी म्हणालो, "सुपात मीठ मी घातलं. मला अळणी लागलं म्हणून. माझी जीभ तेव्हाच गेली होती, वैजयंता. मी सांगितलं नाही."

बायकांचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, ती रडेल, हाकलून देईल, या सगळ्याची तयारी मी करून आलो होतो. तिनं तिसरंच विचारलं.

"किती घातलं होतंत?"

"दोन चिमट्या."

"तुमच्या हाताच्या?"

"हो."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मोठी, जाड बोटं. मग आपली तीन बोटं जुळवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मनातल्या मनात तिनं काहीतरी हिशेब केला. ओठ हलले.

"म्हणजे माझ्या तीन बरोबर होत्या," ती म्हणाली.

"बरोबर होत्या."

"नऊ वर्षं, सर."

एवढंच म्हणाली. मी माफी मागितली. तिला ती ऐकू गेली की नाही, मला माहीत नाही. चहा घेऊन जा असं ती म्हणाली नाही आणि मीही थांबायची अपेक्षा ठेवली नाही. गुडघ्यांवर हात टेकून उठलो. दाराशी पोचून मी मागं वळलो, तेव्हा ती दुसऱ्या पातेल्यापाशी उभी होती. आमटीला उकळी फुटत होती. तिनं डोळे मिटून वास घेतला, पळी वर उचलून थेंब सोडला. मिठाच्या डब्यात हात घातला. चारशे माणसांच्या आमटीला चिमटी कुठली पुरणार, तिनं मूठ भरली. मूठ पातेल्यावर धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग सोडली. आणखी एक अर्धी मूठ. झाकण ठेवलं, हात पदराला पुसले.

मालनमावशी सवयीनं चमचा घेऊन पुढं आली. वैजयंतानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे."